नोंदणीच्या आधीचे आठवडे

प्रति,
मा. मंत्री, मा. सचिव आणि माता-बाल आरोग्याचं काम पाहणारे सर्व अधिकारी,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला माझी एक जुनी विद्यार्थिनी आरोग्य केंद्रातून थेट माझ्या घरी आली. वय २२, लग्नाला वर्ष झालेलं, दिवस राहून दहा आठवडे. हातात माता-बाल संरक्षण कार्ड आणि त्यावर जोखमीचा लाल स्टिकर. उंबऱ्यातच तिनं विचारलं, "बाई, आता सुई बंद करायची का?"

ही मुलगी नवव्या वर्षापासून इन्सुलिन घेते. तिला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी तिच्याच शरीराच्या संरक्षण यंत्रणेनं नष्ट केलेल्या आहेत. तिच्या अंगात जे इन्सुलिन आहे ते फक्त सुईतून गेलेलं. ते बंद केलं तर एक-दोन दिवसांत रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात, उलट्या सुरू होतात, श्वास जोरजोरात चालू लागतो आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. पोटातलं बाळ त्याच्याही आधी जाऊ शकतं.

केंद्रात तिनं सांगितलं होतं की मला लहानपणापासून शुगर आहे आणि मी इन्सुलिन घेते. तरीही ग्लुकोजच्या तपासणीचा रकाना भरायचा होता म्हणून तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात घालून प्यायला दिलं. दोन तासांनी शुगर ४१८ आली. कार्डावर 'गरोदरपणातील मधुमेह' असं लिहिलं गेलं, पथ्याचा छापील कागद मिळाला, मेटफॉर्मिनच्या गोळ्या मिळाल्या. इन्सुलिनबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. गोळ्या दिल्या म्हणजे सुई गेली, असा अर्थ तिनं लावला. तिच्या जागी कुणीही तोच लावला असता.

त्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या सिस्टर सकाळपासून पाय न टेकता बायका तपासत होत्या आणि त्यांनी समोरच्या कागदात होतं तेच केलं. माझी तक्रार त्या कागदाबद्दल आहे, आणि कागद बदलणं तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. आणि उघडपणे लिहिते आहे, कारण सुई घेणाऱ्या मुली, त्यांच्या आया, सासवा आणि नवरे यांनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी सातारा जिल्ह्यात शिक्षिका आहे. मलाही टाइप १ आहे. अकराव्या वर्षी झाला, त्याला आता २५ वर्षं झाली. मी एकोणीस वर्षांची असताना एका डॉक्टरांनी माझ्यासमोर आईला सांगितलं, "हिचं लग्न करा हवं तर, पण मूल होऊ देऊ नका." आई घरी येऊन देवघरासमोर बसून राहिली. त्या दिवसापासून ते माझ्या लग्नापर्यंत, आणि लग्नानंतरही, मूल होऊ द्यायचं असेल तर काय तयारी करावी लागते हे मला कुणीच सांगितलं नाही. 'नको' एवढंच सांगितलं गेलं.

२०१४ मध्ये मला दिवस राहिले. अकराव्या आठवड्यात मी नोंदणी केली. "लवकर आलात, छान केलंत," असं मला सांगण्यात आलं. तेव्हा माझं एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ९.६ होता. एकोणिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका खालच्या बाजूला तयारच झालेला नाही आणि हृदयातही मोठा दोष आहे, असं दिसलं. पुढचं मी लिहीत नाही. मुलगा होता.

तेव्हा मला वाटत राहिलं की मी काहीतरी खाल्लं, कुठेतरी चुकले. नंतर, बऱ्याच उशिरा, मला आठवड्यांचा हिशेब कळला. तो इथं मांडते, कारण माझं सगळं म्हणणं याच हिशेबावर उभं आहे.

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. पाळी चुकली हे लक्षात येतं तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस बाळाच्या मणक्याची आणि मेंदूची नळी मिटलेली असते. आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत हृदयाची घडण जवळपास पूर्ण होते. आईच्या रक्तातली जास्तीची साखर दोष निर्माण करते ती याच दिवसांत. आणि आपल्याकडे बाराव्या आठवड्याच्या आत नाव नोंदवलं की ती लवकर झालेली नोंदणी धरतात. मी नियमाप्रमाणे लवकर आलेली बाई होते. पण मी आले तेव्हा माझ्या बाळाचा मणका आणि हृदय घडून, किंवा न घडून, झालेलं होतं. त्यानंतर कितीही चांगले उपचार मिळाले असते तरी ते उलटलं नसतं.

टाइप १ असलेल्या बाईच्या बाळंतपणाची काळजी दिवस राहिल्यावर सुरू करून चालत नाही. ती निदान तीन-चार महिने, शक्यतो सहा महिने आधी सुरू व्हावी लागते. यात नवीन काहीच नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ सालचा. त्याआधी मधुमेह असलेली बाई गरोदर राहणं हे आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतायचं. १९८९ मध्ये इटलीतल्या सेंट व्हिन्सेंट इथं युरोपातल्या देशांनी ठरवलं की पाच वर्षांत मधुमेही बाईचं बाळंतपण इतर कुठल्याही बाईच्या बाळंतपणाइतकं सुरक्षित करायचं. ते उद्दिष्ट त्यांनाही पूर्ण गाठता आलेलं नाही, पण त्यांनी ते समोर तरी ठेवलं.

माझी मुलगी २०१८ मध्ये जन्माला आली. ती धडधाकट आहे आणि या वर्षी माझ्याच शाळेत आहे. तिच्यासाठी आम्ही आठ महिने आधी सुरुवात केली होती. पुण्याला एका डॉक्टरांकडे जायचो. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "सध्या दिवस राहू नयेत म्हणून काय वापरताय?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. साखर आटोक्यात येईपर्यंत तांबी बसवली. माझ्या रक्तदाबाच्या गोळीचा प्रकार बदलला, कारण आधीची गोळी गर्भाला घातक होती आणि मी ती चार वर्षं घेत होते. डोळ्यांचा पडदा तपासला, लघवीतलं प्रथिन तपासलं, थायरॉईड तपासलं, कारण टाइप १ असलेल्या बायकांना थायरॉईडचाही त्रास पुष्कळदा असतो. फोलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू केली. आपल्या सरकारी लोहगोळीत फोलिक ॲसिड असतं ०.५ मिलिग्रॅम, आणि रोज घ्यायला ती बहुतेक वेळा दिवस राहिल्यावरच हातात येते. एचबीए१सी ६.४ झालं, तेव्हा तांबी काढली.

या सगळ्याला आणि पुढच्या नऊ महिन्यांना लागलेल्या पैशांसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. मला मोडायला पाटल्या होत्या. माझ्या विद्यार्थिनीचा नवरा टेम्पो चालवतो, तिच्याकडे मोडण्यासारखं मंगळसूत्रच आहे.

आता तक्रारी.

पहिली मी वर लिहिलीच आहे. गरोदरपणात नव्यानं होणारा मधुमेह आणि आधीपासून असलेला टाइप १ यांत फरक केला जात नाही. गरोदरपणातल्या मधुमेहाविषयी आपल्या देशात मोठं काम झालं आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांतून उपाशीपोटी न येताही करता येणारी एका सुईची तपासणी गावोगावच्या केंद्रांत पोचली. त्याचा लाखो बायकांना फायदा होतो आणि मी त्या कामापुढे हात जोडते. पण ती तपासणी ज्यांना मधुमेह आहे की नाही हे माहीत नाही त्यांच्यासाठी आहे. जिला तेरा वर्षं मधुमेह आहे तिला ग्लुकोज पाजून काय शोधायचं? आणि तिथून पुढची वाटही तिच्यासाठी चुकीची आहे. आधी दोन आठवडे पथ्य, मग गोळी, मग लागलं तर इन्सुलिन, असा तो क्रम आहे. टाइप १ मध्ये इन्सुलिन पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत असतं. त्याला पर्याय म्हणून कुठलीही गोळी नाही.

दुसरी तक्रार औषधाची. आमच्या भागात फुकट मिळतं ते बहुतेक वेळा ३०-७० मिक्स इन्सुलिन. एकाच बाटलीत ३० टक्के जेवणापुरतं आणि ७० टक्के दिवसभराचं. प्रमाण ठरलेलं. दुपारी भाकरीनंतर शुगर २०० होते म्हणून डोस वाढवला तर दिवसभराचंही आपोआप वाढतं आणि रात्री दोन वाजता शुगर ५० होते. गरोदरपणात तर उद्दिष्ट फारच बारीक असतं. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर एका तासानं १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत, आणि तरीही ६३-७० च्या खाली जाऊ द्यायचं नाही. मिक्सच्या बाटलीनं हे साधत नाही. त्यासाठी जेवणाआधीचं वेगळं आणि पायाचं, म्हणजे दिवसभराचं, वेगळं इन्सुलिन लागतं. महागडी इन्सुलिनंच पाहिजेत असं माझं म्हणणं नाही. रेग्युलर (जेवणाआधीचं) आणि एनपीएच (पायाचं) ही जुनी, स्वस्त औषधं सुटी सुटी मिळाली तरी पुष्कळ निभावतं. देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत ती कित्येक वर्षं आहेत.

याच ओघात सिरिंजबद्दल. सरकारी बाटली ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, लाल टोपणाच्या सिरिंजची. मेडिकलमध्ये पुष्कळदा नारिंगी टोपणाची, १०० युनिटची हातात ठेवतात. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजनं घेतलं तर दहाच्या खुणेला चारच युनिट अंगात जातात. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी दोन्ही रंगांच्या सिरिंज एकाच डब्यात होत्या.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात जड, शुगर मोजण्याची. टाइप १ च्या गरोदर बाईला दिवसातून निदान सात वेळा बोट टोचावं लागतं. प्रत्येक जेवणाआधी, प्रत्येक जेवणानंतर, झोपताना. एक पट्टी साधारण १५ ते २५ रुपयांची. महिन्याचे चार हजार धरा. ही मुलगी आठवड्यातून दोनदा तपासायची, सोमवारी आणि शुक्रवारी, दोन्ही वेळा सकाळी. बाकीच्या तासांत काय होतंय ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिच्या डॉक्टरांनाही नाही.

महिन्यातून एकदा, नऊ तारखेला, केंद्रावर घेतलेल्या एका आकड्यावरून इन्सुलिनचा डोस ठरवता येत नाही. का, ते माझ्या वहीतून सांगते. दिवस राहण्याआधी मला दिवसाला २८ युनिट लागायचे. पहिल्या काही आठवड्यांत थोडे वाढले. नवव्या आठवड्यापासून अचानक गरज कमी झाली आणि पंधराव्या आठवड्यापर्यंत माझी शुगर सारखी लो व्हायची. त्यातच उलट्या. इन्सुलिन घ्यायचं, घास खायचा, आणि दहा मिनिटांत तो बाहेर. अकराव्या आठवड्यात एका रात्री तीन वाजता नवऱ्यानं मला हलवून उठवलं, तेव्हा मी घामानं भिजले होते आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत नव्हते. त्यानं हिरडीला मध चोळला, पाच मिनिटांनी साखरेचं पाणी पाजलं. शुगर नंतर मोजली, तीही ४४ होती. सोळाव्या आठवड्यानंतर उलटं झालं. दर आठवड्याला डोस वाढत गेला आणि पस्तिसाव्या आठवड्यात ७४ युनिटवर पोचला. बाळ जन्मलं, वार पडली, आणि त्याच रात्री गरज २० युनिटांवर आली. नऊ महिन्यांत हा एवढा चढउतार. महिन्याच्या एका आकड्यानं तो कसा सांभाळायचा?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेत टाइप १ असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला दंडावर लावायचा, दिवसरात्र साखर दाखवणारा सेन्सर दिला जातो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं की असा सेन्सर लावलेल्या आयांची बाळं वाजवीपेक्षा मोठी होण्याचं, जन्मल्यावर शुगर कमी होण्याचं आणि अतिदक्षता विभागात ठेवावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्याला उद्याच सगळीकडे सेन्सर परवडणार नाहीत, हे मी समजू शकते. पण पट्ट्या? २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला औषधं आणि तपासण्या मोफत देण्याचं वचन आहे. टाइप १ च्या बाईसाठी रोजची पट्टी हीच तपासणी आहे. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात भरती झाल्यावर कामाला येते. शुगर बिघडून भरती होण्याची वेळच येऊ नये म्हणून घरी जे लागतं, ते त्यात बसत नाही.

चौथी तक्रार प्रसूतिगृहाची. "काही खाल्लेलं नाही ना, मग इन्सुलिन कशाला?" हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे, कळा सुरू असताना. टाइप १ मध्ये उपाशी असलं तरी पायाचं इन्सुलिन लागतंच. कळांच्या वेळी एका बाजूला ग्लुकोजचं सलाईन आणि दुसऱ्या बाजूला इन्सुलिन, दर तासाला शुगर, अशी पद्धत आहे. गरोदरपणात शुगर फार चढलेली नसतानाही, अगदी २०० च्या आत असतानाही, रक्तात आम्ल साचू शकतं. नुसता आकडा पाहून बेसावध राहता येत नाही. नंतर माझ्याबाबतीत दुसऱ्या टोकाची चूक झाली. वार पडल्यावर डोस उतरवायचा असतो, तो रात्रपाळीत कुणी उतरवला नाही. आदल्या दिवशीचाच आकडा लिहिलेला होता, तोच टोचला. पहाटे मुलगी अंगावर पीत असताना माझी शुगर ३८ होती. माझी आई शेजारी जागी होती म्हणून मी आज हे लिहिते आहे. तो दवाखाना चांगला होता आणि माणसंही चांगली होती. भिंतीवर एक कागद नव्हता, एवढंच.

बाळाबद्दलही लिहायला हवं. मधुमेही आईचं बाळ म्हटलं की जन्मताच काचेत, असा कित्येक ठिकाणी रिवाज आहे. बाळाची शुगर पहिल्या काही तासांत उतरू शकते हे खरं. त्यासाठी अर्ध्या तासात अंगावर पाजायचं, दर दोन-तीन तासांनी पाजत राहायचं आणि टाचेतून थेंब घेऊन मोजायचं. ज्या बाळाला खरंच त्रास आहे त्याला जरूर काचेत ठेवा. पण जे रडतंय, पितंय, ज्याचा आकडा बरा आहे, त्याला तीन दिवस आईपासून तोडून वरचं दूध का पाजायचं?

आणि माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी निघते. टाइप १ च्या मुलीसाठी नेमका हाच काळ डोस सगळ्यात वेगानं वाढण्याचा, आणि याच वेळी डॉक्टर, सिस्टर, आशाताई, औषधाची खिडकी, सगळं बदलतं. कार्ड सोबत जातं. पण त्या कार्डात इन्सुलिनचे डोस लिहायला जागा नाही. नव्या ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून, आणि कधीकधी पुन्हा ग्लुकोजचं पाणी.

'आमच्याकडे अशा बायका किती?' असं एका अधिकाऱ्यांनी मला मागे विचारलं होतं. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे टाइप १ असलेली वीस वर्षांखालची सर्वांत जास्त मुलं भारतात आहेत, दोन लाखांहून अधिक. यांतल्या निम्म्याच्या आसपास मुली असणार आणि त्या मोठ्या होणार. पूर्वी आमच्यासारखी पुष्कळ मुलं लग्नाच्या वयापर्यंत पोचायचीच नाहीत. आता पोचतात. त्यांच्या लहानपणी इन्सुलिन मिळावं म्हणून जी धडपड झाली, तिच्या पुढची पायरी हीच आहे. केरळ सरकार 'मिठाई' नावाच्या योजनेतून टाइप १ च्या मुलांना इन्सुलिन आणि त्याला लागणारं साहित्य देतं. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, जून २०२२ मध्ये टाइप १ साठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्राला शून्यापासून काही शोधून काढायचं नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. जिला आधीपासून मधुमेह असल्याचं माहीत आहे, तिला ग्लुकोजची तपासणी करू नये, असा स्पष्ट लेखी आदेश प्रत्येक केंद्रापर्यंत जावा. माता-बाल संरक्षण कार्डावर 'आधीपासूनचा मधुमेह: टाइप १ / टाइप २' असा वेगळा चौकोन असावा आणि टाइप १ पुढे ठळक अक्षरांत छापावं: इन्सुलिन कधीही बंद करू नये.

२. आशाताई आणि आरोग्यसेविकांकडे पात्र जोडप्यांचं रजिस्टर असतंच. त्यात एक रकाना वाढवा: 'इन्सुलिन घेते का?' नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीला एकांतात हा प्रश्न विचारला जावा, सासूसमोर नाही. माझ्या पत्रातली एकच मागणी मान्य करायची असेल तर ही करा. यासाठी एक ओळ छापायचा खर्च आहे, आणि मुलगी दिवस राहण्याआधी सापडेल असा दुसरा मार्ग माझ्या नजरेत नाही.

३. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस, दिवस राहण्यापूर्वीच्या तपासणीचा ठेवा. एचबीए१सी, थायरॉईड, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, रक्तदाब, डोळ्यांचा पडदा. चालू गोळ्यांची छाननी. ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड. एचबीए१सी ६.५ च्या जवळ येईपर्यंत सुरक्षित गर्भनिरोधक. दहाच्या वर असेल तर अजून थांबा, आणि थांबण्याच्या काळात आम्ही तुझ्यासोबत आहोत, असं सांगणारं माणूस. तिथं कुणीही 'मूल होऊ देऊ नका' एवढंच सांगून मुलीला परत पाठवू नये.

४. टाइप १ च्या बाईला तयारीच्या काळापासून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत रेग्युलर आणि एनपीएच इन्सुलिन सुटं, त्याला जुळणाऱ्याच सिरिंज, ग्लुकोमीटर आणि दिवसाला सात पट्ट्या मोफत मिळाव्यात. गरोदरपणातल्या पट्ट्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात धराव्यात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपासून सेन्सरची सुरुवात करावी.

५. प्रत्येक प्रसूतिगृहाच्या भिंतीवर मराठीत एक पान: कळांच्या वेळी इन्सुलिन आणि ग्लुकोज कसं चालवायचं, शुगर दर तासाला, वार पडताच डोस किती उतरवायचा, बाळाला केव्हा पाजायचं आणि केव्हा टोचायचं. बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची सुई द्यावी लागली तर शुगर चढते, तेव्हा काय करायचं, हेही त्यात असावं.

६. माहेरी जाणाऱ्या मुलीसोबत डोसची वही जावी आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या डॉक्टरांनी तिच्याबद्दल एकदा तरी फोनवर बोलावं. बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी आणि प्रत्येक तिमाहीत डोळ्यांची तपासणी झाली की नाही, हे त्या वहीवरून कळावं.

सासवांना आणि आयांनाही दोन शब्द. हरतालिकेचा, वटपौर्णिमेचा कडक उपास या मुलीला करायला लावू नका. गरोदरपणात उपाशी राहिलं की रक्तात कीटोन लवकर साचतात. तिच्या उशाशी साखरेचा डबा ठेवा. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात चांगली राहते, आमच्या घरी कितीतरी वर्षं तशीच राहिली. आणि बाळालाही हाच आजार होणार, असं तिला घालून पाडून बोलू नका. आईला टाइप १ असलेल्या बहुतेक बाळांना तो कधीच होत नाही. उलट वडिलांना असेल तर धोका थोडा जास्त असतो.

माझी विद्यार्थिनी आता चौदाव्या आठवड्यात आहे. त्या दिवशी मी तिला माझ्या पट्ट्यांचा डबा दिला आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी गेले. गोळ्या बंद झाल्या, इन्सुलिन सुटं झालं. तिचं एचबीए१सी ८.३ आलं. पाच आठवड्यांनी तिची मोठी सोनोग्राफी आहे. तिला मी सगळं खरं सांगितलं आहे, माझं २०१४ सालही. ती म्हणाली, "बाई, लग्न ठरलं तेव्हाच कुणी विचारलं असतं तर मी थांबले असते."

तिचं वाक्य तुमच्यापर्यंत पोचवणं मला भाग होतं. उत्तराची वाट पाहते.

आपली,
टाइप १ असलेली एक आई आणि शिक्षिका
सातारा जिल्हा